सफारीची तयारी : शरणपूर ते चितांबोचे गाव

आफ्रिकेत पायी सफारीला जाणाऱ्याच्या हाती आधी एक यादी येते. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे घ्यावेत. निळा आणि काळा टाळावा, कारण त्से-त्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते. बूट नवेकोरे नकोत, पायाला सरावलेले हवेत. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. केनियात जायचे असेल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी टोचून घ्यावी. पाठीवर वजन घेऊन चालण्याचा सराव करावा, कारण रानात एका रांगेत, न बोलता, बंदूकधारी रक्षकाच्या मागे चालायचे असते. आमच्या सीबीडी बेलापुरात अशी यादी मिळालेला माणूस लगेच ओळखू येतो. दमट पहाटे तो पारसिकच्या चढावर जाड बूट घालून, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीला लावून धापा टाकत असतो.

या चालण्याचे माहेरघर म्हणजे झांबियातले लुआंग्वा नदीचे खोरे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्मन कार याने तिथे पाहुण्यांना मोटारीतून उतरवून पायी जंगल दाखवायची प्रथा रूढ केली. तीच लुआंग्वा नदी डिसेंबर १८६६ मध्ये एका लहानशा, भुकेल्या तांड्याने ओलांडली होती. तांड्याचा नायक डेव्हिड लिव्हिंग्स्टन. त्याच्यामागे ओझी घेऊन चालणाऱ्यांत नाशिकच्या शाळेत वाढलेले तरुण होते. त्यांची तयारी कुठे आणि कशी झाली, तिचा उपयोग काय झाला, हा या लेखाचा विषय आहे.

मुळात ‘सफारी’ हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि थेट समुद्रमार्गे स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’ आणि गोणीला ‘गुनिया’ म्हणतात. इतके शब्द पुस्तकातून जात नाहीत, गलबतांतून जातात. त्या गलबतांत कापड होते, हस्तिदंत होते आणि माणसेही होती.

आपल्या किनाऱ्यावर आफ्रिकी माणूस फक्त दास म्हणून आला नाही, हेही ध्यानात ठेवावे. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार शिवाजी महाराजांनाही दाद देत नव्हते. खाडीकाठच्या बेलापूरच्या पडक्या किल्ल्याशीही सिद्दींचेच नाव जोडले जाते. पण एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात जो ‘शिद्दी’ दिसे तो बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा खलाशी असे, किंवा नुकतीच बेडी सुटलेला पोरगा.

आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणाऱ्या इंग्रजांची तयारी त्या काळी बरीचशी मुंबईतच होई. रिचर्ड बर्टन मुंबईच्या फौजेतला अधिकारी. डिसेंबर १८५६ मध्ये तो आणि स्पीक मुंबईहून ‘एल्फिन्स्टन’ या जहाजाने झांझिबारला निघाले. पुढे त्यांना एक वाटाड्या भेटला, त्याचे नावच ‘बॉम्बे’. सिदी मुबारक बॉम्बे हा याओ जमातीचा. लहानपणी त्याला पकडून विकले, गुजरातेत आणले. धनी वारल्यावर मोकळा होऊन तो परत आफ्रिकेत गेला. स्पीकला आफ्रिकी भाषा येत नव्हत्या आणि बॉम्बेला इंग्रजी येत नव्हते. दोघे बोलत ते हिंदुस्थानीतून. नाईलच्या उगमाच्या शोधाची भाषा रोजच्या व्यवहारात हिंदुस्थानी होती, ही गोष्ट त्या शोधाच्या इंग्रजी कथांत फार मागे पडते.

आता नाशिककडे वळू. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५० च्या दशकात नाशिकजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसाहत उभारली. तिचे नाव शरणपूर; आजही नाशिककर रोज ‘शरणपूर रोड’ म्हणतात. ब्रिटिश आरमार त्या सुमारास अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. सुटलेली माणसे मुंबईला उतरवली जात. मोठ्यांना काम शोधून देत आणि मुलांना मिशनच्या हवाली करत. १८६० पासून ही मुले शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये राहू लागली. इसेनबर्ग हा जर्मन मिशनरी आधी अबिसिनियात राहून आलेला. तो त्यांचा पालक. मुलांना इंग्रजी लिहिणे-वाचणे शिकवत, सुतारकी, लोहारकी असा एखादा धंदा हाताला लावत. मराठी आणि हिंदुस्थानी त्यांच्या कानावर आपोआप पडे. नावे मात्र बदलली. कोणी रिचर्ड इसेनबर्ग झाला, कोणी एडवर्ड गार्डनर, कोणी सायमन प्राइस. पालकांची आडनावे पोरांना अशी वाटली गेली.

या मुलांना हल्लीच्या यादीतली एकही वस्तू लागणार नव्हती असे म्हणता येईल, कारण त्यांचा पहिला पायी प्रवास आधीच झाला होता. तो उलट दिशेने होता. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून समुद्रापर्यंत, मानेत दुबेळके लाकूड अडकवून, शेकडो मैल. त्या वाटेवर जे चालू शकले नाहीत ते समुद्रापर्यंत पोहोचलेच नाहीत.

लिव्हिंग्स्टन पहिल्यांदा मुंबईत आला तो जून १८६४ मध्ये, तोही अजब रीतीने. झांबेझीची मोहीम फसली होती. ‘लेडी न्यासा’ ही त्याची नदीत चालवायची छोटी आगबोट विकायची होती आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांना ती विकायची नव्हती. म्हणून मूठभर गोरे साथीदार, झांबेझीकाठचे सात जण आणि दोन मुलगे घेऊन तो स्वतःच ती हाकत पावसाळ्याच्या तोंडावर झांझिबारहून मुंबईला आला. ४५ दिवस लागले. बोट इतकी लहान की बंदरात तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. तो विलायतेला गेला आणि माणसे इथेच राहिली. चुमा आणि वाकातानी हे दोघे मुलगे डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. सुसी आणि अमोडा हे जाणते पुरुष मुंबईच्या गोदीत मजुरीला. म्हणजे पुढे जगभर नावे झालेल्या ‘चुमा आणि सुसी’ या जोडीतला एक जण सव्वा वर्ष मुंबईत धडे गिरवत होता आणि दुसरा माल चढवत-उतरवत होता.

सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन परत आला तेव्हा मुंबईचे दिवाळे वाजले होते. अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजाराचा फुगा जुलैमध्ये फुटला. सहा हजार पौंडांच्या घरात गेलेली बोट त्याला २,३०० पौंडांत द्यावी लागली. ते पैसे त्याने इथल्याच एका बँकेत ठेवले आणि ती बँकही बुडाली. प्रेमचंद रायचंदांच्या त्या सट्ट्याच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. त्यात आफ्रिकेतल्या एका मोहिमेची पुंजीही गेली, हे सहसा कोणी सांगत नाही. मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने दिलेले ५०० पौंड, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे ५०० आणि जेम्स यंग या मित्राचे १,००० एवढाच आधार उरला.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचा मात्र पाठिंबा होता. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई हवालदारासह मिळाले. शरणपूरला नऊ तरुण यायला तयार झाले. विल्सन यांनी चुमा आणि वाकातानी यांना डिसेंबरात बाप्तिस्मा दिला. शिवाय हिंदुस्थानातल्या माणसाळलेल्या म्हशी. आफ्रिकेतल्या रानरेड्यांना त्से-त्से माशी बाधत नाही, मग आपल्या म्हशीही टिकतील, असा लिव्हिंग्स्टनचा तर्क होता. ३ जानेवारी १८६६ रोजी ‘थूल’ या जहाजातून हे सगळे मुंबईहून निघाले. हे जहाज म्हणजे मुंबई सरकारने झांझिबारच्या सुलतानाला पाठवलेली भेट होती.

मार्चमध्ये रोवुमाच्या मुखाजवळ तांडा किनाऱ्याला लागला, तेव्हाची मोजदाद रोजनिशीत आहे : १३ शिपाई, जोहाना बेटावरचे १० जण, नाशिकची नऊ मुले, शुपांगाचे दोघे म्हणजे सुसी आणि अमोडा, आणि याओ जमातीचे वाकातानी आणि चुमा. जनावरे : सहा उंट, तीन म्हशी आणि एक वासरू, दोन खेचरे, चार गाढवे. नाणे चालत नसल्यामुळे कापडाचे तागे आणि मणी हीच थैली. पोचे आणि कापड यांचा सगळा व्यवहार झांझिबारच्या कच्छी पेढ्यांतून. जकात नाका लधा दामजीच्या हाती.

ही तयारी सहा महिन्यांत उसवली. उंट आणि म्हशी मेल्या. माशीने किती मारल्या आणि शिपायांच्या मारहाणीने किती, हे ठरवणे लिव्हिंग्स्टनलाही जड गेले, त्यामुळे प्रयोगच वाया गेला. शिपाई चालायला तयार नव्हते. ओझी टाकून देत, नाशिकच्या मुलांना फितवत. एकदा त्यांनी म्हशीचे पारडू मारून खाल्ले आणि वाघाने नेले असे सांगितले. पट्टे पाहिले का, असे लिव्हिंग्स्टनने विचारले. पाहिले, सगळ्यांनी स्पष्ट पाहिले. आफ्रिकेत पट्टेरी वाघ नाही! इंग्रज लेखक हा किस्सा शिपायांच्या लबाडीचा म्हणून सांगतात आणि तो तसा आहेच. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. या माणसांना कोणीही कुठल्या जंगलात नेतो आहोत हे सांगितले नव्हते. खोटे बोलतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर आपलेच जंगल होते. जुलैमध्ये त्यांची पाठवणी झाली. सप्टेंबरात जोहानाचे लोकही पळाले आणि झांझिबारला जाऊन साहेब मारला गेला अशी थाप मारून पगार मागू लागले.

नाशिकची मुले राहिली, पण ती आदर्श हमाल होती असे समजू नये. रिचर्ड इसेनबर्ग सुरुवातीच्या महिन्यांतच वाटेत वारला. इतरांबद्दल रोजनिशीत तक्रारी आहेत : मागे रेंगाळतात, ओझ्याला कंटाळतात. रंधा आणि लेखणी धरायला शिकलेल्या पोरांना डोक्यावर मणभर ओझे घेऊन गवतातून चालायला सांगितले होते. शाळेने दिलेली तयारी आणि मोहिमेला हवी असलेली तयारी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आणि तिसरी एक गोष्ट होती, तिची तयारी कोणीच करून घेतली नव्हती. तांडा याओ मुलखात शिरला, म्हणजे या मुलांच्या स्वतःच्या मुलखात. वाटेत झाडाला गळ्याने बांधून मारलेल्या गुलाम बाया दिसत होत्या. जुलै १८६६ मध्ये माताका या सरदाराच्या गावी अब्राहम नावाच्या मुलाला त्याचा म्हातारा मामा सापडला. त्याच्याकडून कळले की अब्राहमला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणींनाही विकले गेले होते. मामाने राहा म्हणून आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेही केला. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहू कसा, असे त्याचे म्हणणे. रोजनिशीत या प्रसंगाला काही ओळींची जागा आहे. माझ्या मते त्या साऱ्या प्रवासातला याहून मोठा शोध दुसरा नाही. मुंबई-नाशिकच्या मिशनमंडळींना वाटे, मुलगा परत नेला की घरी पोहोचला. मुलाला गावात उभे राहिल्यावर कळले की घर उरलेलेच नाही. वाकातानीचे उलट झाले. त्याला सरोवराकाठी आपले भाऊबंद सापडले आणि तो तिथेच राहिला. चुमालाही राहायचे होते, पण त्याचे मन वळवण्यात आले. आईवडिलांपैकी कोणी नसताना तो पुन्हा विकला जाईल, अशी लिव्हिंग्स्टनला भीती वाटत होती.

लुआंग्वा ओलांडून महिना झाला आणि जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी गेली. ती नेहमी बराका या नाशिकच्या मुलाकडे असे आणि तो ती जपत असे. त्या दिवशी ओझ्यांची अदलाबदल झाली, ती नव्याने सामील झालेल्या एका याओ माणसाकडे गेली आणि तो मुसळधार पावसात ती घेऊन जंगलात नाहीसा झाला. कोयनेल त्याच पेटीत होते. आपल्याला मृत्यूची शिक्षाच सुनावली गेली, असे लिव्हिंग्स्टनला वाटले, आणि त्याची पुढची सहा वर्षे पाहता ते खरेही होते. हिवतापाच्या गोळ्या पाकिटात टाकून निघणाऱ्या आजच्या प्रवाशाने एवढे एक पान तरी वाचावे.

पुढच्या वर्षी बांगवेउलू सरोवराकडे जायचे ठरले तेव्हा बहुतेक जणांनी साफ नकार दिला. लिव्हिंग्स्टनने मनातून त्यांना फारसा दोष दिला नाही. ते चालून चालून थकलेत आणि आपणही थकलोय, असे त्याने नोंदले. शेवटपर्यंत जे टिकले त्यांत सुसी, चुमा आणि अमोडा यांच्याबरोबर नाशिकचे गार्डनर आणि मब्रुकी होते. हा मब्रुकी म्हणजे शाळेच्या पटावरचा नॅथॅनिएल कुम्बा.

१८७२ मध्ये शरणपूरची दुसरी तुकडी आली. लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी लंडनहून निघालेल्या मोहिमेकरता सहा तरुण आणले होते : जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. दरम्यान स्टॅन्ली लिव्हिंग्स्टनला भेटून परत आला, ती मोहीम बारगळली आणि स्टॅन्लीने निवडून पाठवलेल्या सुमारे ५७ जणांत हे सहाही आत गेले.

१ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियात, चितांबो या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तांड्यात एकही गोरा माणूस नव्हता. आता काय करायचे, हे याच लोकांनी ठरवले : प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचे. इथे शाळेची तयारी पहिल्यांदा पुरती कामाला आली. जेकब वेनराइटने साहेबाच्या सामानाची लेखी यादी केली, म्हणजे पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये. झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरी केलेल्या फरिजालाने कॅरस फॅरारच्या मदतीने काळीज आणि आतडी काढली. ती झाडाखाली पुरली. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवले, मग कापड, झाडाची साल आणि शिडाचे कापड यांत गुंडाळून त्याचे ओझे बांधले.

मग सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक, ते चालले. ऑक्टोबरात ताबोराला कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. प्रेत इथेच पुरा, असे त्याने सांगितले. त्यांनी ऐकले नाही. कॅमेरॉनच्या तांड्याचा म्होरक्या होता सिदी मुबारक बॉम्बे. ज्याचे नाव मुंबईचे तो आणि ज्यांचे शिक्षण नाशिकचे ते, असे सगळे आफ्रिकेच्या मध्यावर एका छावणीत जमले होते. ते काय बोलले याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे गावकरी प्रेत नेऊ देईनात. तेव्हा ज्वारीच्या ताटांचा खोटा देह बांधून काही जणांनी तो परत नेल्याचे सोंग केले आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे सरकवला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. ब्रिटिश अधिकाऱ्याने प्रेत ताब्यात घेतले, माणसांचा पगार चुकता केला आणि त्यांना मोकळे केले.

मिशनने खर्च उचलल्यामुळे एकटा वेनराइट प्रेताबरोबर विलायतेला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी नंतर पोहोचले, दफन उरकल्यावर. पण रोजनिशीच्या संपादनात त्यांची आठवण फार कामी आली. जिऑग्राफिकल सोसायटीने त्या सर्वांसाठी पदके पाडली, तोवर माणसे पांगली होती. वेनराइट १८९२ मध्ये उरांबो इथे वारला.

शरणपूरची आफ्रिकी वसाहत त्याच सुमारास हलली. १८७५ मध्ये प्राइसने मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी गाव वसवले आणि बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला फ्रिअरटाउन म्हटले. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे जण तिकडे गेले. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, दुभाषे, कारागीर, पाद्री अशी कामे त्यांनी केली. स्थानिकांपेक्षा आपण शिकलेले, असा थोडा तोराही त्यांच्यात होता म्हणतात. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर गेला आणि बिशपचा खून झाल्यावर उरलेला तांडा परत किनाऱ्याला घेऊन आला. तोही पायीच.

सगळ्यांत जास्त जगला मॅथ्यू वेलिंग्टन. म्हातारपणी त्याच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या, म्हणून त्याचे जन्मनाव आपल्याला ठाऊक आहे : चेंग्विम्बे. तो १९३५ साली मोंबासाला वारला.